अंजनाबाई रंगारी आणि एकतीस अंगठे

रायपूरच्या रेल्वे लाइनीपलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, अंजनाबाई रंगारीच्या वाटेला कुणी जात नसे. तुमसरकडची मुलगी, अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन इथं आली. नवरा तुळशीराम सिलतऱ्याच्या एका लोखंड कारखान्यात भट्टीवर होता. पाऱ्यातला एक दारूवाला पगाराच्या दिवशी बरोबर यांच्या दारासमोर बाटल्या मांडून बसायचा. नव्या नवरीनं त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती मुसळ घेऊनच बाहेर आली आणि त्याचं मनगट मोडलं. पोलिसांनी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं, संध्याकाळी घरी येऊन तिनं शांतपणे पीठ मळलं. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

दोन हजार साली राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि त्याच नोव्हेंबरात अपर्णा जन्मली. मोठे रस्ते झाले, सिलतऱ्याकडं धुराड्यांवर धुराडी उभी राहिली. दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत काळे पडू लागले. अकरा साली तुळशीरामच्या भट्टीचं तोंड फुटलं. आतला तापून लाल झालेला चुरा त्याच्या छातीवर, मानेवर आणि दोन्ही हातांवर उडाला. बाजूचा माणूस जागीच गेला. तुळशीराम वाचला, पण तीन महिने पट्टी बदलताना तो असा ओरडायचा की शेजारपाजारचे लोक दारं लावून घ्यायचे. तो वेदनेनं लाथा झाडायचा. अंजनाबाई त्याच्या मांड्यांवर गुडघा रोवून बसायची आणि जखमेला चिकटलेलं कापड सोडवायची. तिच्या बरगड्यांवर कायम निळे डाग असायचे.

पुढं तिनं समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात साफसफाईचं काम धरलं. रक्त, पू, ओकारी, सगळं पुसायचं. तिथल्या नर्सबाईंना पाहून तिनं ठरवलं की आपली पोट्टी हेच शिकेल.

पण शिकवायचं कसं? तहसीलमध्ये जातीचा दाखला मागायला गेली तर बाबूनं विचारलं, "पन्नास सालाच्या आधी तुमचे लोक इथं होते, त्याचा कागद आहे का?" सासरे रेल्वेत लागले ते बासष्ट साली. कागद कुठून येणार? म्हणजे अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती या पाऱ्यातल्या विदर्भातून आलेल्या घरांना बंदच. उरली ती अल्पसंख्याकांची, बौद्ध म्हणून मिळणारी.

तिचे अर्ज भरून द्यायला सोळा साली शालिग्राम नावाचा एक पोरगा पाऱ्यात आला. पांढरा शर्ट, पाठीवर बॅग, बॅगेत अंगठा घ्यायचं छोटं यंत्र.

"जय भीम, काकी," तो म्हणाला. "सरकार दे रही है, और आप लोग ले नहीं रहे."

त्यानं बरोबर माणूस हेरला होता. अंजनाबाई विहारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी सांगून राहिली ना, पोरगा चांगला आहे. आधार घेऊन या." तिच्या शब्दावर बायका मुलांना घेऊन आल्या. शेजारची सुशीला तर कामावर खाडा करून यशदीपला घेऊन आली. एकतीस मुलं. ज्यांचा अंगठा यंत्र घेत नव्हतं त्यांचं बोट अंजनाबाईनं आपल्या पदरानं पुसून पुन्हा टेकवलं. जाताना शालिग्रामनं तिला एक नवाकोरा कुकर दिला. तिनं नाही म्हटलं नाही.

त्यानंतर दर वर्षी तो एकच सांगायचा, "इस बार नाम नहीं आया, काकी. अगली बार पक्का."

अठरा साली अपर्णा बारावीत बहात्तर टक्क्यांनी पास झाली आणि तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीचा अर्ज या वेळी तिनं स्वतः भरायचा ठरवला. माय-लेकी चौबे कॉलनीत क्षमाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. क्षमाचे वडील अमरावतीकडचे, त्यामुळं ती अंजनाबाईशी मराठीत बोलायची. तिनं आधार नंबर टाकला, थांबली, पुन्हा टाकला.

"काकू, हिचा अर्ज तर दोन वर्षं भरला गेलाय. मंजूरही झालाय."

"कुठी?"

"दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत. वसतिगृहात राहते असं लिहिलंय. हिच्या नावाचं खातं उघडलंय आणि त्यातले पैसे अंगठ्यावर निघालेत. आता नवा अर्ज घेतच नाही."

अपर्णा आईकडं वळली. "मैं कौन से हॉस्टल में थी, मम्मी? बताओ ना. अंगूठा तो आपने ही लगवाया था."

अंजनाबाईनं त्या वसतिगृहाच्या यादीत यशदीपचं नाव बघायला सांगितलं. तोही त्याच वसतिगृहात होता. मग पाऱ्यातल्याच गोदावरीच्या मुलीचं. तीही. क्षमानं पुढची नावं विचारली तेव्हा अंजनाबाई स्टूल ओढून बसली आणि एकेक नाव सांगू लागली.

ती गप्प राहू शकली असती. पाऱ्यात कुणालाच पत्ता नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायका जमल्या असताना तिनं घागर खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. कुकरसुद्धा.

पहिला हात सुशीलाचा पडला. कानाखाली. मग कुणीतरी केस धरले आणि तिला नळाच्या ओट्यावर आपटलं. "आमच्या पोट्ट्यांच्या नावावर तू कुकर घेतला?" सुशीला किंचाळत होती. "माह्या यशदीपनं शाळा सोडून सायकलच्या दुकानात काम धरलं, माहीत नाही तुले?" ती धावत अंजनाबाईच्या घरात गेली, चुलीजवळचा कुकर उचलून आणला आणि तिच्या तोंडावर मारला. वरचे दोन दात तुटले. रक्त नळाच्या पाण्यातून गटारात वाहू लागलं.

आयुष्यभर जिचा हात आधी उठला त्या अंजनाबाईनं त्या दिवशी डोक्यावर हातसुद्धा घेतले नाहीत. तुळशीराम घरातून आला. भाजलेले हात त्याला नीट उचलताही येत नव्हते. तो नुसता बायकोच्या अंगावर वाकून उभा राहिला. तेव्हा बायका थांबल्या.

तोंड सुजलं होतं, ओठाला टाके होते, तरी तिसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. प्रत्येक दारात एकच बोलली, "पोराच्या आधारचा कागद द्या. तक्रार करायची आहे." बऱ्याच जणींनी दार लावलं. सुशीला तिच्या पायाशी थुंकली. पण अठरा कागद जमले. क्षमानं एकेकाचा नंबर टाकून छापील पानं काढून दिली आणि अर्ज लिहिला.

"काकू, अंगठे तुम्ही गोळा केले हे यात लिहू की नको?" तिनं विचारलं.

"पहिल्याच ओळीत लिही."

ठाण्यातल्या हवालदारानं ती ओळ वाचली आणि मान वर केली. "इसमें तो तुम भी अंदर जाओगी."

"जाऊँगी ना," अंजनाबाई म्हणाली. "उसको भी ले के जाऊँगी."

शालिग्रामला दुसऱ्याच दिवशी कळलं. आधी मिठाई घेऊन घरी आला. मग अपर्णा कोणत्या रस्त्यानं कॉलेजला जाते ते त्यानं मोजक्या शब्दांत सांगितलं. अंजनाबाईनं मिठाईचा डबा त्याच्या छातीवर फेकला. त्या आठवड्यापासून तुळशीराम रोज मुलीला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला जाऊ लागला.

हल्ला झाला तो मात्र अंजनाबाईवर. दुपारी चारची वेळ. ती दवाखान्यातून परतत होती, पाऱ्याच्या तोंडाशी बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. मागून मोटरसायकल आली. मागं बसलेल्यानं लोखंडी सळई फिरवली. ती डोक्यावर येत होती, तिनं उजवा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. दुसरा घाव खांद्यावर बसला. ती विटांवर पडली. तो खाली उतरून पुन्हा सळई उचलत होता, तोच तिनं डाव्या हातानं वीट घेतली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो कोसळला. गाडीवरचा पळाला. पडलेल्यानं तिचा गळा धरला, तिनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि दातात कातडं आलं तरी सोडलं नाही. उरलेल्या दातांनीच. मग वीट पुन्हा, या वेळी तोंडावर.

"मारून टाकलं! अंजनाबाईले मारून टाकलं!" कुणीतरी ओरडलं.

पाऱ्यातून बायका धावत आल्या. सुशीला सगळ्यांच्या पुढं. विटेच्या धुळीत, रक्तात बसलेली अंजनाबाई तिनं पाहिली आणि सळई उचलली. पुढचं कुणालाही आवरता आलं नाही. विटा, चपला, काठ्या, जे हाती आलं ते त्या माणसावर पडू लागलं. त्याचं नाक उरलं नाही. तो आधी शिव्या देत होता, मग हात जोडत होता, मग नुसता गुरगुरत होता. सुशीलानं सळई दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

अंजनाबाई त्याच्यावर पालथी पडली.

सळई तिच्या पाठीत बसली. कुणी वीट फेकली ती मांडीवर लागली.

"बाजूले हो!" सुशीला रडत ओरडली. "काहून वाचवून राहिली तू याले?"

"मेला तर बोलन कोण?" अंजनाबाईला श्वास पुरत नव्हता. "याले जित्ता ठेवा. कोणी पाठवलं ते याच्या तोंडून निघालं पाहिजे. मारायचं असन तर मले मारा."

सुशीलाच्या हातातून सळई खाली आली. पोलीस येईपर्यंत अंजनाबाई त्या माणसावरून उठली नाही. तो खालून कण्हत होता आणि तिचा मोडलेला हात त्याच्या अंगाखाली अडकला होता. ज्यानं आपल्याला मारायला सळई उचलली त्याच्या छातीचं धडधडणं तिला आपल्या छातीत ऐकू येत होतं. तो जेमतेम पंचविशीचा असावा. तिला त्याची दया आली नाही. फक्त तो मरू नये एवढंच तिला हवं होतं.

त्याचं नाव नत्थू. दवाखान्यात जबड्याला तारा बांधल्या असताना त्यानं कागदावर शालिग्रामचं नाव लिहून दिलं. दहा दिवसांनी शालिग्राम सापडला. ते वसतिगृह म्हणजे दोन खोल्यांचं कुलूपबंद घर निघालं, आत बाकडंसुद्धा नव्हतं. एकतीस नव्हे, चारशेच्या वर मुलं तिथं कागदावर राहत होती. अंजनाबाईचंही नाव आरोपींत आलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचा जामीन घेतला.

अपर्णाची त्या वर्षीची शिष्यवृत्तीची तारीख निघून गेली. कॉलेजची फी दवाखान्यात संध्याकाळची पाळी धरून तिनं स्वतः उभी केली आणि बरेच दिवस ती आईशी धड बोलली नाही. पुढच्या साली जुनी नोंद रद्द होऊन तिचा नवा अर्ज लागला. पाऱ्यातल्या बावीस मुलांचे लागले. यशदीपचा लागला नाही, कारण तो पुन्हा शाळेत गेलाच नाही.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली, तोवर कोर्टानं अंजनाबाईला माफीची साक्षीदार केलं होतं. अंजनाबाईचा उजवा हात कोपरात वाकडा बसला होता. साक्षीच्या दिवशी शालिग्रामच्या वकिलानं तिला विचारलं, "बच्चों के अंगूठे आपने ही लगवाए थे?"

"हो. मीच," ती मराठीतच म्हणाली. न्यायाधीशांनी हिंदीत सांगायला सांगितलं, तेव्हा तिनं तेच हिंदीत सांगितलं आणि एकतीस मुलांची नावं आईच्या नावासकट घेतली. एकाही नावाला अडखळली नाही. यशदीपचं नाव घेताना मात्र तिनं खाली पाहिलं.

बाहेर सुशीला पायरीवर बसली होती. तिचीही साक्ष होती, पण वेळ संपली म्हणून पुढची तारीख मिळाली होती. सळईच्या त्या दिवसापासून दोघी फक्त कामापुरतं बोलत.

"पाठ दुखते का अजून?" सुशीलानं विचारलं.

"दुखते. थंडीत जास्त."

"म्या जोरात मारली होती."

"हव," अंजनाबाई म्हणाली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली. ऑटो यायला अजून वेळ होता.