एका शब्दापुरता गप्प

माझा मित्र मिलिंद गेल्याचा फोन वहिनींनी केला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगायला लाज वाटते. प्यायला तर नव्हता ना? विचारायची हिंमत झाली नाही, पण त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, भाऊजी. एक थेंब नव्हता पोटात." मी रडायच्या आधी हुश्श केलं. दीड महिना झाला, ते हुश्श अजून टिकून आहे.

कांदिवलीतल्या एका शाळेच्या वर्गात दर मंगळवारी आम्हा दारू सोडलेल्यांची मीटिंग भरते. अकरा वर्षांपूर्वी मला तिथे हाताला धरून नेलं ते मिलिंदनेच. शेवटी सगळे उभे राहून, हातात हात धरून प्रार्थना म्हणतात. माझ्या घरी रोजची देवपूजा, मला त्यात काही वाटलं नाही. मिलिंद बौद्ध. 'हे परमेश्वरा' आलं की तो तोंड मिटायचा आणि माझा हात दाबायचा, पुढचं मात्र खणखणीत म्हणायचा. पण गडी टेलिफोन खात्यातला लाइनमन. फॉल्ट कुठे आहे ते सापडेपर्यंत त्याला चैन कसली? रिटायर झाल्यावर हा देव आपल्या मीटिंगमध्ये शिरला कुठून, याच्याच मागे लागला. लायब्ररीत बसणं, बोरिवलीच्या एका म्हाताऱ्या फादरकडे फेऱ्या, झेरॉक्सचे गठ्ठे...

एका दुपारी पिशवी घेऊन माझ्या दारात हजर. सापडलं होतं. ही चळवळ सुरू करणारे आधी परदेशातल्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंडळात जायचे. आपल्या चुका दुसऱ्यासमोर कबूल करायच्या, ज्यांचं वाईट केलं त्यांचं निस्तरायचं, सगळं तिथून आलेलं. "आमच्या बापजाद्यांनी देव सोडले, आणि मी परत दुसऱ्याच्या देवाच्या दारात उभा राहू?" म्हणाला. माझी तर वाट लागली. पूर्वी एकदा असाच रुसून त्याने मीटिंग सोडली होती आणि चार महिन्यांनी आम्ही त्याला हॉस्पिटलातच पाहिलं होतं, पिवळाधमक. आता तीन मंगळवार त्याची खुर्ची रिकामी. मी काहीतरी निमित्त काढून वहिनींना रोज फोन करायचो. त्या समजून म्हणायच्या, चहाच पितायत.

मग एका सोमवारी त्याचाच फोन. विहारात नातीच्या नामकरणाला वंदना म्हणताना 'सरणं' या शब्दावर अडखळला होता म्हणे. मीटिंगमध्ये दारू सोडायच्या पायऱ्यांचं कार्ड मिळतं, त्यावरही 'शरण जाण्याचा निर्णय' असंच छापलंय. लहानपणापासून आपण शरणच जातोय की, हे त्याच्या आत्ता डोक्यात शिरलं. दारू न पिण्याचं पाचवं शील आपण कितीदा झिंगून म्हटलंय, तेही सांगून खो-खो हसला. मी म्हटलं, बाबा रे, पण इथे तू शरण कुणाला जाणार? देव तर तू मानत नाहीस.

"बुद्ध, धम्म, संघ. त्यातला संघ म्हणजे तुम्ही सगळे बेवडे, यार."

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर होता. 'परमेश्वरा' मात्र शेवटपर्यंत म्हणाला नाही.

परवाच्या मंगळवारी त्याच्या जागी, माझ्या डाव्या हाताला, एक नवा माणूस उभा होता. पहिलाच दिवस बिचाऱ्याचा. 'हे परमेश्वरा' आलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी गप्प राहिलो, त्याचा हात दाबला. देवाला काय, मी सकाळी घरी भेटलोच होतो.