लव्हाळ्यातलं पाणी

लग्न होऊन मी वेल्ह्याकडे आले, तेव्हा माहेरहून एक म्हैस आंदण म्हणून माझ्याबरोबर आली होती. नव्या घरात मला बोलणं सुचत नसे. जे बोलायचं ते गोठ्यात तिच्याशीच. दुसऱ्या वर्षी ती गाभण राहिली आणि त्याच वर्षी ओढा लवकर आटला. विहिरीचं पाणी माणसांपुरतंच होतं. एका संध्याकाळी मामंजी, म्हणजे माझे सासरे, जेवताना म्हणाले, "खाचरांखालची पाणथळ होळीपत्तोर टिकली तर बरं, न्हाई तर म्हस किकवीला लेकीकडं धाडू. तितं मोटंचं पानी हाय. आन् धाडायची तर जड व्हायच्या आधी."

मी चुलीशी बसले होते. जेवणं उरकल्यावर मी आधी गोठ्यात गेले.

भाताची खाचरं जिथे संपतात तिथे ती पाणथळ होती. गुडघाभर पाणी, खाली काळा चिखल आणि सगळीकडे कमरेच्या वर वाढलेला लव्हाळा. पौषातल्या पहाटे तिच्यावरून पांढरी वाफ उठे. डोंगर दिसत नसे, पलीकडचा बांध दिसत नसे. म्हशीला पाण्यावर नेताना मी ती बघत उभी राही. इतक्या गारठ्यात पाणी आपणहून उठून चालू लागतं, याचं मला फार नवल वाटे. भोरला मी चौथीपर्यंत शिकले. पाण्याची वाफ उन्हाने होते, एवढंच गुरुजींनी सांगितलं होतं.

मामंजींना मात्र त्या वाफेची धास्ती बसली. "बग, पानी धूर व्हून चाललंय. ह्यो लव्हाळा रातभर पितो आन् सकाळी वर सोडतो. कापून काढतो समदा."

आत्याबाई, माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सकाळी तुमच्या बी तोंडातनं धूर निगतो. मग तोंड कापायचं व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"मग निम्मा कापा. निम्मा माझ्या नावानं ऱ्हाऊ द्या."

मामंजींनी खरंच निम्मा कापला आणि गोठा शाकारायला म्हणून पेंढ्या बांधून ठेवल्या. मोकळं झालेलं पाणी आरशासारखं लखलखू लागलं. मलाही ते बघून बरं वाटलं. पण माघ लागला तसा त्या बाजूचा काठ आत आत सरकू लागला आणि मागे राहिलेल्या चिखलाला भेगा पडल्या. लव्हाळ्याच्या बाजूला चिखल अजून ओला होता.

एका दुपारी म्हैस पाणी पीत असताना मी कापलेल्या बाजूला हात धुतले. ऊन कोवळंच होतं, पण खिंडीतून येणारा कोरडा वारा पदर ओढत होता. हात बघता बघता वाळले आणि वाळताना गार पडले. मग मी लव्हाळ्यात शिरून खाली बसले, पुन्हा हात भिजवले. तिथे वारा नव्हता. पात्यांमधलं कोळ्याचं जाळंसुद्धा हलत नव्हतं. हात कितीतरी वेळ ओलेच राहिले. दुसऱ्या पहाटे नीट पाहिलं तर तीच वाफ पात्यांना लागून थेंब होत होती आणि शेंड्यावरून परत पाण्यात टपकत होती. एवढं सगळं रोज आमच्या खाचराखाली चाललेलं, आणि कुणाला त्याचा आवाजही नाही.

मी आत्याबाईंना सांगितलं. सासऱ्यांशी सुनेनं बोलायची रीत नव्हती, म्हणून त्या ओसरीवर गेल्या आणि मी दाराआड उभी राहिले.

"सून म्हनती, पानी वारा नेतो. धूर न्हवं."

"तिला इचार, तिला कसं कळलं?"

दोघांना माझा श्वास ऐकू येईल इतकी मी जवळ होते. तरी आत्याबाईंनी मागे वळून मला विचारलं, मी हळूच सांगितलं आणि त्या पुन्हा पुढे वळल्या. "हात भिजवून बगितला म्हनती."

"मंजी आता म्या बी हात भिजवीत बसू?" मामंजी मोठ्याने हसले. पण उठून गेले. बांधावरून मला त्यांचं मुंडासं तेवढं लव्हाळ्यात दिसत होतं. बराच वेळ ते तिथेच होतं.

संध्याकाळी त्यांनी पेंढ्या सोडल्या आणि उघड्या पाण्यावर, ओल्या चिखलावर पसरायला सुरुवात केली.

"आवं, आन् गोठ्यावर काय घालू?" आत्याबाई ओरडल्या.

"आभाळ घाल!"

त्या पदर खोचून स्वतःही चिखलात उतरल्या. कापलेलं चुकलं हे मामंजींनी तोंडाने कधी म्हटलं नाही. त्या दोघांसारखी माणसं मी पुढे फार पाहिली नाहीत. किकवीला निरोप गेला, म्हैस येत नाही.

फाल्गुनात पाणी घोट्याएवढं उरलं. पेंढ्या बाजूला सारून मी तिला पाजत असे. होळीच्या अलीकडे ती व्याली, रेडी झाली. अंग सावरल्यावर मी तिला खाली नेलं, तेव्हा ती रेडीला मागे ठेवून सरळ पाण्यात शिरली आणि मान वर न करता प्यायली.