मी मारीदो

केडगावात भेटेल तो विचारतो, काकू पुण्याहून कधी येणार? मी सांगत आलो की मेक्सिकोत पायऱ्यांवरून पडून बायकोचा हात मोडला, व्यायाम चालू आहेत, बरं वाटलं की येईल. हात कधीच बरा झाला आहे. आणि ती पायऱ्यांवरून पडली नव्हती.

सूनबाईला कंपनीने काही महिन्यांसाठी तिकडे पाठवलं, तेव्हा मुलाने आम्हा दोघांनाही सोबत नेलं. तिचं काम फिरतीचं. एका गावात आठवडाभर, की पुढच्या गावाला. आम्ही सगळे भाड्याच्या मोठ्या गाडीतून फिरायचो. स्पॅनिश येत नसेल तर तिथे साधं मीठ मागायची पंचाईत. म्हणून शाळकरी नातीने फर्मान काढलं: गाडीत सगळ्यांनी स्पॅनिश शिकायचं, ती बाई, आम्ही विद्यार्थी. चुकेल त्याने गाणं म्हणायचं.

शिकवणं म्हणजे काय ते मला एकाच प्रकारे ठाऊक होतं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून घरी आलो की मी मुलाचे पाढे घ्यायचो. एकदा तो तेराच्या पाढ्याला अडला, तर मी सायकलची चेन उचलली. त्याच्या पाठीवर चेनच्या कड्या जशाच्या तशा उठल्या. ही मध्ये पडली. मी तिचे केस धरून तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. पुढचा दात तिथेच पडला. लोकांना ती म्हणाली, मोरीत घसरले. ते एकदाच झालं असतं तर मी इतकं लिहायला बसलो नसतो. जेवणात खडा लागला, म्हणून मारलं. माहेरी एक दिवस जास्त राहिली, म्हणून मारलं. कधी कारण मागाहून शोधलं.

सातवी शिकलेली ही बाई स्पॅनिश भराभर उचलत होती. मक्याच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायकांशेजारी जाऊन बसायची, हाताने खुणा करायची, एक शब्द द्यायची आणि दोन घेऊन यायची. माझ्या डोक्यात काही राहत नव्हतं. मी चुकलो की नात टाळ्या वाजवायची. "आजोबा, गाणं!" सगळे हसायचे. चुकल्यावर मार बसत नाही, नुसतं हसतात, हे मला सहन होत नव्हतं. प्रत्येक हसण्याला माझी मूठ वळायची.

एका डोंगराळ गावात आम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. त्या दिवशी नातीगोती शिकायची होती.

"आजी, नवरा म्हणजे मारीदो," नात म्हणाली.

"काय? मारीदो?"

"आणि माझा नवरा म्हणजे मी मारीदो."

ही हातातला घास खाली ठेवून हसायलाच लागली. "अगं, मग आपल्यात अन् त्यांच्यात फरक काय ऱ्हायला? नाव घ्यायचीबी गरज न्हाई. मी मारीदो! मारी तो मारीदो!"

सूनबाईला हसू आवरेना. नात म्हणाली, "म्हणजे काय, आजी?" मुलगा मात्र हसला नाही. तो ताटाकडे बघत राहिला. त्याच्या त्या बघण्याने माझं डोकं फिरलं.

मी उठलो आणि तिच्या कानाखाली मारली. ती खुर्चीसकट खाली गेली. उठायला तिने ओट्याला हात धरला, तो मी मागे पिरगाळला. ती "अहो, अहो" म्हणत होती. मी जोर वाढवला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. नात किंचाळली. तोवर मुलाने माझा गळा धरून मला भिंतीवर दाबलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याची दुसरी मूठ माझ्या तोंडासमोर होती.

"आण्णा, माझ्या पोरीसमोर," तो म्हणाला. "माझ्या पोरीसमोर!"

"मार," मी म्हणालो. त्याने मला सोडून दिलं आणि आईला उचललं.

दवाखान्यात मुलगाच बोलत होता, आई पडली म्हणून. का खोटं बोलला, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. पण हिच्या गालावर बोटं उठली होती. नर्सने त्याला हाताने थांबवलं आणि हिलाच विचारलं, "क्येन?" कोणी, हे नातीने पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. मला वाटलं, घसरले म्हणेल. आजवर म्हणत आली होती.

ती म्हणाली, "मी मारीदो."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. या वेळी कोणी हसलं नाही. पोलिसांना बोलावू का, असं तिने विचारलं. हिने मान हलवून नको म्हटलं, आणि नर्सने मला खोलीबाहेर काढलं.

परतल्यावर पुण्यात एसटी स्टँडसमोर मुलाने गाडी थांबवली आणि फक्त माझी बॅग खाली ठेवली. ही काच खाली करून म्हणाली, "अहो, मी येनार न्हाई. गावात काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा."

"पडलीस म्हणून सांगतो."

"सांगा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. काच वर गेली.

तेव्हापासून मी तेच सांगत होतो. दोन्ही वेळचा डबा शेजारची काकी देते. परवा डबा ठेवताना ती म्हणाली, "बायकोला म्हनावं, पायऱ्यांवर जपून चालत जा गं बाई." मी म्हणालो, "काकी, पायऱ्या नव्हत्या. मी तिचा हात मोडला."

तिने पदर खोचला आणि रिकामा डबा उचलला. "आमाला काय ठाऊक न्हाई व्हय? भिंत एकच हाय आपली. तुमी बोलायची वाट बघत हुते." दारापर्यंत गेली आणि वळली. "मग ती येत न्हाई तेच बरं हाय. व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो.