दिपाचे बाण डावीकडेच का जातात

वसमतला चर्चच्या आवारात मिनाबाई शिवणवर्ग चालवायच्या. पोरींना काजं-बटणं आणि झबली शिकवण्यात त्यांची बारा वर्षं गेली होती. धनुष्यबाण त्यांनी जत्रेतल्या खेळण्यापलीकडे कधी हातात धरला नव्हता. पण अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात युवक मंडळाच्या प्रेमदासभाऊंना ऐन वेळी कावीळ झाली. उन्हाळी शिबिरात प्रार्थना-गाण्यांच्या जोडीला लेकरांना तिरंदाजी शिकवायचं ठरलं होतं आणि नागपूरच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला कुणीतरी जाणं भाग होतं. पाळकसाहेबांची नजर फिरत फिरत मिनाबाईंवर येऊन थांबली. बाई गेल्या, दोनशे पानी वही भरून आल्या. बाण सोडायच्या आठ पायऱ्या, लाल शाईत आकडे टाकलेल्या.

शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा वहीतली भाषा लेकरांच्या डोक्यावरून जायला लागली. मग बाईंनी आपल्या घरची भाषा काढली. बाणाची खाच दोरीत बसली की टिच बटणासारखा आवाज आला पाहिजे. दोरी ओढलेला हात हनुवटीशी आणायचा, दातानं दोरा तोडताना येतो तिथं. सोडताना बोटं नुसती सैल करायची, झटका दिला की टाका उसवला म्हणून समजा. लेकरं हसली आणि शिकली. आवाराच्या मागच्या रिकाम्या वावरात कडब्याच्या पेंढ्या आवळून त्यावर कागद लावला होता. पंधरा पावलांवरून बाण तिथं जाऊन लागू लागले. कुणाचं कोपर पडलं, कुणाचं बोट अडकलं, हे बाईंना लांबूनच दिसायचं. बाही कुठं ओढते ते जसं दिसतं तसंच.

अडलं ते दिपापाशी. तांड्यावरच्या शंकरसिंगची ही आठवीतली पोरगी. आठही पायऱ्या मापून कापल्यासारख्या करायची, आणि बाण मात्र कागदाच्या हातभर डावीकडं. एक नव्हे, सगळे. ज्याला जमत नाही त्याचे बाण चहूकडं जातात. हिचे सगळे एका ठिकाणी जायचे, पण भलत्याच. बाईंनी धनुष्य बदललं, बाण बदलले, वही दोनदा वाचली. उजवीकडं नेम धर म्हणावं, तर ते चुकलेल्या ब्लाउजला टाचणी लावून घालायला देण्यासारखं. त्यांना काही सुधरेना.

तोवर प्रेमदासभाऊ बरे होऊन लिंबाखाली येऊन बसायला लागले होते. माणूस मनाचा चांगला. त्यांनी दिपाला जवळ बोलावून मायेनंच सांगितलं की मन सरळ असलं की बाण सरळ जातो, रोज प्रार्थना कर, आत काय वाकडं आहे ते शोध. पोरीनं ते मनावर घेतलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाईंपुढं येऊन उभी राहिली.

"बाई, मी लई शोधलं. मावशीच्या पोरीवर जळते, तेवढंच सापडलं. ते बी देवाला सांगून टाकलं. तरी बाण तिकडंच जाऊन राहिला. माझ्या मनातच काही तरी हाय. मी उद्यापासून न्हाई येत."

असं काही नसतं, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण मग काय असतं, असं पोरीनं विचारलं असतं तर? हे मनात घेऊन लेकरू घरी गेलं तर जन्मभर ते काढता येणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी एक दिवस मागून घेतला. दोरीचा फटका लागू नये म्हणून मनगटाला बांधायच्या पट्ट्या शिवायच्या आहेत, तेवढ्या शिवून जा, मग राहा घरी.

सकाळी दिपा सुईत दोरा ओवत होती. तिनं मान जराशी वळवली, उजवा डोळा मिटला, सुई डाव्या डोळ्यापुढं धरली. बाईंची कात्री हातातच राहिली. दोरा काढून त्यांनी तिला पुन्हा ओवायला लावला. पुन्हा तेच.

आणि त्यांना नागपूर आठवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी सरांनी सगळ्यांना भोक पाडलेल्या कागदातून बघायला लावलं होतं. हशा चालला होता, वरणाचा वास येत होता, आणि हा खेळ समजून बाईंनी तेवढं लिहून घेतलंच नव्हतं. त्यांनी कागदाला कात्रीनं भोक पाडलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून यातून चर्चच्या घंटेकडं बघ, आता कागद हळूहळू तोंडाजवळ आण. कागद डाव्या डोळ्यावर आला. तीनदा केलं, तीनदा तिथंच. म्हणजे पोरगी नेम धरत होती डाव्या डोळ्यानं आणि दोरी ओढत होती उजव्या हातानं.

पण पुढं काय? सर हात बदला म्हणाले होते, की डोळा मिटा? बाईंना अर्धंच आठवत होतं. त्यांनी हात बदलून बघायचं ठरवलं. धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्या. आठही पायऱ्या उलट्या झाल्या आणि बाईच गडबडल्या, डावा म्हणायचं तिथं उजवा म्हणाल्या, पोरीला एका जागी दोनदा गरकन फिरवलं. शेवटी त्या तिच्या समोर तोंड करून उभ्या राहिल्या. माझ्याकडं बघून कर, आरशात बघते तसं. पोरीनं बघून बघून ते उचललं, आणि बाई बाजूला झाल्या.

डाव्या हाताला सवय नव्हती. पहिला बाण निम्म्यातच मातीत पडला.

"आधी पोचत तरी होता," प्रेमदासभाऊ म्हणाले.

दुसराही पडला, तिसराही. सातवा कागदाच्या अगदी खालच्या कडेला रुतला, पण बरोबर मधल्या रेषेत.

बाईंनी प्रेमदासभाऊंना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "चूक माझ्या वहीत होती पोरी. तुझ्या मनात न्हाई."

भाऊंना ते पटेना. पोरगी जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं, अन् डोळा तेवढा डावा, हे काहून?

"ते ज्यानं घडवलं त्यालाच विचारा, भाऊ. तुमची रोजची बोलचाल हाय."

दिपा बाण उपटून परत आली. तिच्या कपाळावरची आठी अजून गेली नव्हती.

"मग बाई, मावशीच्या पोरीचं देवाला सांगितलं, ते फुकट गेलं का?"

बाईंनी एका बाणाच्या टोकाची माती पुसली. "मलाबी कळून न्हाई राहिलं," त्या म्हणाल्या. "उद्या येतीस ना?"

तोवर दिपा बाण सोडायच्या रेषेवर जाऊन सवयीनं जुन्याच बाजूनं उभी राहिली होती. तिनं खाली पायांकडं पाहिलं, थांबली, आणि उलटी वळली.