म्हणते तरी

लाखनीच्या आमच्या राइस मिलमधला सर्व्हर बिघडला की दुरुस्तीला एक कॉम्प्युटरवाला येतो. चप्पल दाराबाहेर काढतो, मगच कीबोर्डला हात लावतो. "झालं का?" असं विचारलं तर कधीच हो म्हणत नाही. "म्हणते तरी झालं," एवढंच; म्हणजे मशीन तसं सांगते, त्यानं स्वतः अजून पाहिलेलं नाही. मला आधी चीड यायची.

परवा वेबसाइटवर धानाचा जुनाच भाव दिसत होता. रीस्टार्ट केलं की स्क्रीन 'बंद झालं, सुरू झालं' सांगायची, पण भाव बदलेना. त्यानं कारण शोधलं. सुरक्षेसाठी वेब सर्व्हरला एका फोल्डरात कोंडलेलं होतं, आणि बंद करणारी स्क्रिप्ट तो चालू असल्याची खूण बाहेरच शोधत होती. सापडली नाही की तो बंदच आहे असं समजायची, आणि आत जुनाच चालू राहायचा.

"मग त्याले मोकळा करून टाका ना," मी म्हटलं.

"कायले? तो बरोबर आहे. विचारणाऱ्यानं आत जाऊन पाहावं ना, भाऊ."

त्यानं स्क्रिप्टला आतला पत्ता दिला. सर्व्हर बंद केला, आपल्या मोबाइलवर पान खरंच उघडत नाही हे पाहिलं, आणि मगच पुन्हा सुरू केला. नवा भाव दिसला.

निघताना मी सहज विचारलं, "गावाले, अड्याळले तुमची माय बरी आहे ना?"

"फोनवर म्हणते तरी, बरी आहो," तो म्हणाला, आणि घराकडे न वळता त्यानं गाडी अड्याळच्या रस्त्याला लावली.