पुढच्या सीटवरचे साडूभाऊ

दक्षिण गोलार्धात आमच्या साडूंइतका भित्रा माणूस दुसरा नाही. उत्तर गोलार्धाची मला खात्री नव्हती, पण गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर इटलीतल्या डोंगरांत आठ दिवस सायकल चालवून आलो आणि तीही झाली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला मी ताई म्हणतो, त्यांना साडूभाऊ. न्यूझीलंडमधल्या लोअर हटमध्ये आमच्या घरापासून गाडीने सात मिनिटांवर राहतात, आणि त्यांच्याकडे दुपारचं जेवून आम्ही निघालो की आठव्या मिनिटाला फोन येतो, "पोचलात ना?" एकदा वाटेत डेअरीवर दूध घ्यायला थांबलो आणि फोन गाडीतच राहिला. दुधाची बाटली घेऊन बाहेर येतो तर साडूभाऊ माझ्या गाडीच्या चाकांखाली वाकून बघतायत. मला धडधाकट बघून त्यांना आनंद झाला असेल, पण चेहऱ्यावर दिसला तो रागच.

भूकंपाला इथे सगळेच भितात, त्यात नवल नाही. पाणी, बॅटरी आणि डब्यातलं अन्न भरलेली एक बॅग घरोघरी असते. साडूंकडे अशा चार आहेत. एक पुढच्या दाराशी, एक मागच्या दाराशी, एक गाडीत, आणि या तिन्ही गाडल्या गेल्या तर चौथी लेटरबॉक्सच्या मागे. चौथीत मेतकूट आहे, कारण सगळं घर पडल्यावर माणसाला काहीतरी चवीचं लागतं. समुद्रावर जायचं म्हणजे तर मोहीमच. आमच्याकडे रस्त्यांवर त्सुनामीची निळी रेघ मारलेली असते, लाट आली तर या रेघेच्या वर पळा म्हणून. बाकीचे लोक गाडी किनाऱ्याला लावतात. साडूभाऊ रेघेच्या वर लावतात आणि तिथून खुर्च्या, चटई, डबे असा संसार डोक्यावर घेऊन आम्ही चालत खाली जातो. मग ते जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून काठावर उभे राहतात आणि ओळखदेख नसलेल्या किवी पोरांना "टू फार! टू फार!" असं ओरडत बसतात. त्यांची इथे जन्मलेली मुलगी "डॅड, प्लीज, स्टॉप" म्हणत टॉवेलात तोंड लपवते. आम्ही हसलो की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "हसा. मी अजून जिवंत आहे तो भितो म्हणूनच."

अशा माणसाने सायकलवरून डोंगर उतरायचं ठरवलं त्याला कारण ताईचे डोळे. दोन वर्षांपूर्वी तिला दाराच्या चौकटी लागायला लागल्या. मग बाजूने येणारी माणसं एकदम समोर उगवल्यासारखी वाटू लागली आणि ती दचकू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडांनी मिटत आलीये, मधे एक गोल उरलाय, तो आक्रसत जाणार. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. उपाय नाही. ताईने घरी येऊन चहा टाकला आणि म्हणाली, "मला इटलीतली ती डोंगरमाथ्यावरची जुनी गावं बघायचीयत. तटबंदीवाली. लांबून अख्खं गाव मुठीएवढं दिसतं, माझ्या गोलात मावेल. आणि गाडीने नको. गाडीतून काही डोळ्यांत धरेपर्यंत ते गेलेलं असतं. सायकलवरून." एकटीने सायकल चालवणं तिला आता शक्य नव्हतं. म्हणजे दोघांची सायकल, टँडम. म्हणजे पुढे कुणीतरी हवं. मी ताबडतोब म्हणालो, "मी बसतो पुढे." साडूभाऊंनी लगेच मान हलवली. "नको," म्हणाले. "तुम्हाला भीती वाटत नाही. तुमच्यामागे मी तिला बसवणार नाही."

पेटोनीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याची जुनी टँडम त्यांनी सरावासाठी मिळवली. म्हातारबुवांनी ब्रेक दाबून "स्वीट ऐज, मेट" असं सर्टिफिकेट दिलं, तरी साडूंनी तेच ब्रेक तीन दुकानांतून तपासून घेतले. मग मला बोलावणं आलं. सरावाला ताई चालणार नव्हती, ती पडली तर काय? मी पडलो तर काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. वायनुइओमाटाच्या घाटमाथ्यावर त्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं आणि ताईची जाड ओढणी काढून माझ्या डोळ्यांवर घट्ट बांधली. "तिला जेवढं कळणार तेवढंच तुम्हाला कळलं पाहिजे," म्हणाले. "मी बोलत राहीन. कुठे भीती वाटली ते खाली गेल्यावर सांगा." आणि निघालो. मी आयुष्यात मोटारसायकलवरून वेड्यासारखा हिंडलेला माणूस. पण त्या उतारावर डोळे बांधून बसलो आणि माझं पाणी पाणी झालं. पायाखालून रस्ता घसरत होता, कानात वारा, आणि पुढून साडूंचा थरथरता आवाज, "उजवं वळण येतंय, आलं, झुका, बास. आता सरळ. खड्डा. गेला. मागून गाडी आहे, जाऊ देतोय." एका ठिकाणी एक ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला आणि साडू चार सेकंद गप्प झाले. ते चार सेकंद मी अजून विसरलेलो नाही. मी लहान पोरासारखा "अहो बोला! बोला!" असं किंचाळलो. खाली पोचल्यावर त्यांनी वही काढली आणि विचारलं, "कुठे?" मी म्हणालो, "तुम्ही गप्प बसलात तिथे." त्यांनी लिहून घेतलं. मग शांतपणे रस्त्याच्या कडेला जाऊन त्यांनी सकाळचा सगळा चहा ओकून टाकला. असे अकरा शनिवार. दर शनिवारी मी ओढणी बांधून घेत होतो आणि दर शनिवारी ते ओकत होते. आणि ताईचा गोल मधल्या काळात लहान होतोय, पोचेपर्यंत मिटला तर, ही भीती आम्ही दोघंही बोलून दाखवत नव्हतो.

इटलीत टँडम भाड्याने घेतली. आम्ही दोघं नवरा-बायको आपापल्या सायकलींवर मागे. तिथली ती गावं मोठी आडमुठी. जिथे चढायला सर्वांत त्रास, तिथेच नेमकी वसलेली. शत्रू येऊ नये म्हणून बांधली असणार, साडूभाऊ येऊ नयेत म्हणूनही चालली असती. संध्याकाळी दमछाक करत चढायचं, दगडी वेशीतून आत शिरायचं, आणि सकाळी तोच डोंगर उतरायचा. पहिल्या संध्याकाळी गावातल्या हौदापाशी बसून साडूंनी चौघांचे बूट टूथब्रशने घासले. न्यूझीलंडला परतताना, बाहेरची माती देशात येऊ नये म्हणून, विमानतळावर बूट तपासतात, त्याची ही आठ दिवस आधीची तयारी. बाकावरच्या तीन आजीबाईंनी आधी नुसतं बघितलं, चौथ्या बुटाला त्यांच्यातली एक उठली आणि घरातून चांगला ब्रश घेऊन आली. दिवसभर मात्र साडूंची टकळी चालू असायची. वळण, खडी, कुत्रा, उतार, पुन्हा उतार. मधेच "डावीकडे, वर, गाव!" असं ओरडून ते सायकल थांबवायचे. ताई मान हळूहळू फिरवत गाव शोधायची, आणि सापडलं की "मावलं!" म्हणायची. मग सगळेच श्वास सोडायचो.

पाचव्या सकाळी गावाची वेस ओलांडली आणि दोन वळणांत धुक्यात शिरलो. मला त्यांच्या मागच्या लाल दिव्याखेरीज काही दिसेना. पुढून साडूंचा आवाज आला, "मला काही दिसत नाहीये. ऐकतेयस? मला रस्ता दिसत नाहीये." तेवढ्यात समोर कुठेतरी ट्रॅक्टर धडधडला, ब्रेक कर्कश वाजले आणि लाल दिवा दिसेनासा झाला. मी सायकल टाकून धावलो. दोघं कडेच्या दगडी बांधाला टेकून उभे होते. कुणाला काही झालं नव्हतं. साडूंचे हात हँडलवर इतके कापत होते की सायकलची घंटी आपोआप किणकिणत होती. ताईने मागून त्यांच्या पाठीवर दोन्ही हात सपाट ठेवले होते. "झालं," ती म्हणत होती. "गेला तो. मी आहे ना मागे."

तासाभराने धुकं उठलं. वर गाव लखलखीत दिसलं, पण ताईने तिकडे बघितलं नाही. म्हणाली, "अहो, तुम्ही जरा लांब जाऊन उभे राहता?"

"कुठे लांब? तुला रस्त्यावर सोडून?"

"धाकटी आहे माझ्याजवळ. जा ना. जवळून तुमचं नुसतं नाक दिसतं मला. कित्येक महिन्यांत तुम्हाला अख्खं बघितलं नाहीये."

साडूभाऊ आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत मागे मागे सरकायला लागले. तिचे डोळे बिघडल्यापासून त्यांना तिच्यापासून असं दूर गेलेलं मी पाहिलं नव्हतं. "आणखी," ती म्हणाली. "आणखी थोडे." सतरा-अठरा पावलांवर ती म्हणाली, "बास." उतारावर पिवळं जाकीट घातलेला तो माणूस पासपोर्टच्या फोटोला उभा राहिल्यासारखा हात सरळ ठेवून उभा होता. ताई किती वेळ बघत होती, मला माहीत नाही, कारण मला तिकडे बघवेना. शेवटी ती म्हणाली, "बारीक झालात हो."

परत आल्यावर दर रविवारी दोघं घराजवळच्या रग्बीच्या मैदानावर जातात. ताई एका टोकाला उभी राहते, साडूभाऊ तिच्याकडे तोंड करून मागे मागे चालत जातात. मागे न बघता पाऊल टाकायचं म्हणजे त्यांना घाम फुटतो, पण चालतात. मार्चमध्ये तीस पावलं लागायची, मग पन्नास, मग मैदानाच्या मधली रेघ. मीही जातो अधूनमधून, ताईच्या शेजारी उभा राहायला. गेल्या रविवारी ते चालत चालत पार दुसऱ्या टोकाच्या कुंपणाला टेकले. मागे जायला जागा उरली नाही. तिथून त्यांनी दोन्ही हात वर करून ओरडून विचारलं, "दिसतोय का गं?"

"दिसताय!" ताई ओरडली. "अख्खे!"

ती हसत होती, हातही हलवत होती, डावीकडे, रिकाम्या गोलपोस्टकडे बघत. मला भीती वाटत होती. तिकडे कुंपणाशी साडूभाऊ अजून हात वर करून उभे होते, अजिबात न हलता, तिला नीट बघता यावं म्हणून.