डांबराच्या हातात चुडा

आमच्या धंद्यात बाईचा हात आधी, चेहरा नंतर. नंदाखाल गावच्या बागायतदारांच्या सुना मी डोळे मिटूनही नुसत्या मनगटावरून ओळखायचे. कासाराच्या घरात दिलेली मी. सासूनं बांगड्या भरायला शिकवलं, त्यासोबत थोडा माजही दिला.

आगाशीच्या रस्त्यावर डांबर पडत होतं, तेव्हाची गोष्ट. बोळिंजजवळ घाटावरच्या मजुरांची पालं होती. तिथली एक लग्न ठरलेली पोरगी चुड्याचं माप द्यायला माझ्यापुढे बसली. दिवसभर झारीनं गरम डांबर ओतायची. मनगटापर्यंत काळ्या पुळ्या, बोटांना भेगा आणि मध्येच एक पांढुरका डाग. महारोगाची तेव्हा घराघरांत धास्ती होती. मी पदर मध्ये धरून तिचा हात घेतला. सुजलेल्या हातावर मापाची बांगडी चढेना.

"काकू, डांबर हाय ते," ती म्हणाली.

"मग धुवायला काय होतं?"

"रोज रॉकेलनं धुते की."

तिची आई रडायलाच लागली. मुलाकडची माणसं विरारला भाजी विकायची. मुलाच्या मावशीनं हे हात पाहिले होते आणि चुड्याच्या दिवशी ती स्वतः येऊन पुन्हा बघणार होती. रोग दिसला तर सोयरीक मोडणार.

त्या पदराची मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचा हात सरळ हातात घेतला.

"रॉकेलनं कातडी सोलली आहे. आधी खोबरेल चोळा, डांबर सुटेल, मग साबण. झारी बंद. डाग जुन्या चटक्याचा आहे, महारोग नव्हे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि असता, तरी हात धरून तो होत नाही."

मला लागलं. लागायलाच हवं होतं.

खोबरेल मी नंदाखालहून आणून दिलं. झारी आईनं घेतली. आईच्या हातांना रोज संध्याकाळी पोरगी तेल चोळू लागली. महिन्याभरात पोरीच्या भेगा भरल्या, पुळ्या बसल्या. डाग तेवढा राहिला.

चुड्याच्या दिवशी मावशी अगदी खेटून बसली. सगळ्या बाया पोरीच्या हातांकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होत्या. मी तिचा हात मांडीवर घेतला, तेल लावलं, हाडं दाबत एकेक हिरवी बांगडी चढवली. मुद्दाम सावकाश.

"डाग हाय की अजून," मावशी म्हणाली.

"राहणार. कष्टाचा आहे. माझ्याही बोटांवर काचेचे आहेत, बघायचेत?"

दुसरा हातही भरून झाला. मावशीनं तो डाग अंगठ्यानं चोळून पाहिला, मग पोरीला बाजूला सारून स्वतःच माझ्यापुढे बसली आणि हात पुढे केला.

पोरीच्या हातावरच्या तेलाची बोटं पुसायला मी फडकं उचललं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "तसंच भरा."